यंत्र रिकामे पळवा

लॉन्ड्रीत नवं धुलाई यंत्र आलं, तेव्हा त्याच्यासोबतचं इंग्रजी पुस्तक मालकांनी मेहुण्याच्या हातात ठेवलं. म्हणाले, "याच्या सूचना मराठीत लिहून भिंतीवर लाव. जमलं तर गल्ल्यावरची खुर्ची तुझी. नाही जमलं, तर चादरींच्या घड्या आहेतच."

घड्या घालून घालून मेहुण्याचा जीव विटला होता. त्याने कंबर कसली. पुस्तकात जिकडेतिकडे एकच क्रियापद होतं, 'रन', आणि ते त्याला शाळेपासून पाठ होतं. रन म्हणजे पळणे. क्रिकेटमध्येसुद्धा तेच. शंकेला जागाच नव्हती. त्याने सुबक अक्षरात लिहिलं: 'रोज सकाळी यंत्र थोडा वेळ रिकामे पळवा. कोरडे पळवू नका. नव्या कपड्यांचे रंग पळू शकतात, लक्ष ठेवा.' कागद भिंतीवर लागला आणि तो गल्ल्यावर बसला. खुर्ची फिरती होती. दोनदा फिरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईवाल्या मावशींनी कागद वाचला. कोरडं पळवायचं नव्हतं, म्हणून यंत्रावर बादलीभर पाणी ओतलं आणि इस्त्रीवाल्याला हाक मारली, "चल रे, याला जरा पळवून आणू." यंत्राला खाली चाकं होतीच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. दोघं खडखडाट करत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत पळाले आणि धापा टाकत परत आले.

दुपारी नवे लाल पडदे धुवायचे होते. मावशी दाराला कडी घालून समोर बसल्या. "माझ्या देखत कसा पळतो रंग, बघतेच." रंग पळाला तो थेट कुणाच्या तरी बनियनींत. "बाहेर नाही जाऊ दिला हं," मावशी समाधानाने म्हणाल्या.

आता मेहुण्याला शंका आली. त्याने जाडजूड शब्दकोश काढला. 'रन'ला पानंच्या पानं दिली होती. नळ रन होतो, नाक रन होतं, दुकानही रन होतं. निवडणुकीला आपला माणूस उभा राहतो, इंग्रजांचा पळतो. आणि यंत्र? यंत्र नुसतं चालतं. त्याने शब्दकोश मिटला. सांगावं तर खुर्ची जाणार. कागद भिंतीवर तसाच राहिला.

पुढच्याच सकाळी औषधाच्या दुकानापाशी हवालदार आडवा आला.

"काय चाललंय?"

"यंत्र पळवतोय, साहेब," मावशी म्हणाल्या.

"दिवसाढवळ्या?"

"रोजच पळवतो."

चौकीत मालक आणि मेहुणा पोचले, तेव्हा यंत्र बाकाशेजारी निथळत होतं आणि इस्त्रीवाला रडकुंडीला आला होता. "मला कोठडीत टाकणार म्हणतात हो! बायकोला काय सांगू?"

"कुणी सांगितलं पळवायला?" हवालदाराने विचारलं.

मावशींनी मेहुण्याकडे बोट दाखवलं. मेहुण्याच्या डोळ्यांपुढे खुर्ची गरकन फिरली. मग त्याने इस्त्रीवाल्याकडे पाहिलं.

"चूक माझी आहे, साहेब. पळवा नाही, चालवा लिहायला हवं होतं."

"म्हणजे रस्त्याने हळू न्यायचं होतं?"

"न्यायचंच नव्हतं. जागच्या जागी चालवायचं."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "जागच्या जागी कोण चालतं?"

"हेच का तुझं इंग्रजी?" मालक दात ओठ खात म्हणाले.

"हे मराठी आहे, भावजी."

हवालदाराने कपाळाला हात लावला आणि ओल्या यंत्रासकट सगळ्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. दारातच मालक वळले.

"आजपासून घड्या."

"चालेल," मेहुणा म्हणाला, आणि हवालदाराने मान वर करताच घाईघाईने पुस्ती जोडली, "म्हणजे, बरं."