छबुबाईची चरवी

तेरा सालच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी घरच्या अंगणात मोटारसायकलचं इंजिन बदललं. इंजिन चांगलं बसलं, हे मी आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे सांगणार आहे त्यात त्यांचं कौतुक फारसं येणार नाही.

मी गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव. रोज सकाळी बावीस बायका आमच्या ओट्यावर दूध घालायच्या. मी काचेचा लॅक्टोमीटर बुडवून दुधात पाणी आहे का बघायचे, माप घ्यायचे आणि हे, म्हणजे गुरुलिंग, चाळीस लिटरचा कॅन गाडीला बांधून सात किलोमीटरवर युसूफ वडगावच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचे. त्या लॅक्टोमीटरपायी मी निम्म्या गावाशी भांडले होते. छबुबाईशी तर कायमचं बिनसलं होतं. मागल्या वर्षी तिच्या दुधात पाणी निघालं आणि मी सगळ्यांसमोर तिची चरवी परत केली. तेव्हापासून ती यायची, दूध घालायची आणि तोंड फिरवून जायची. मीही काही कमी नव्हते. मीसुद्धा बोलत नव्हते.

त्या उन्हाळ्यात मात्र कुणाच्याच दुधात पाणी निघत नव्हतं. टँकर आठ दिवसांतून एकदा यायचा. दुधात घालायला पाणी आणायचं कुठून?

अशात गाडीचं इंजिन जाम झालं. ऑईल आटलं होतं आणि ह्यांनी महिनाभर बघितलंही नव्हतं. दोन दिवस दूध घरोघरी आटवावं लागलं. सलग तीन दिवस दूध आलं नाही तर केंद्र संस्थेचा नंबर रद्द करायचं, आणि एकदा गेलेला नंबर त्या दुष्काळात परत कोण देतो? मी जीप धरून युसूफ वडगावला गेले, एक दिवस वाढवून मागितला. तिथं दूध तपासणारा उत्तरेश्वर म्हणाला, "अक्का, नियम मी केला न्हाई. उद्या आठच्या आत दूध आणा, न्हाईतर तुमचा नंबर गेला म्हणून समजा."

मी इकडं हात जोडत होते तेव्हा हे तिकडं कामाला लागले होते. घाटनांदूरच्या माझ्या भावाची, गुंडप्पाची, अशीच गाडी बैलगाडीला धडकून चेसीत वाकली होती. तिचं इंजिन धडधाकट होतं. ते त्यांनी टेम्पोतून आणवलं. चेन काढली, सायलेन्सर सोडला, वायरी सोडल्या, जुनं इंजिन लिंबाच्या फांदीला दोर टाकून वर उचललं आणि नवं तिथंच बसवलं. मी संध्याकाळी आले तर अंगण झाडून स्वच्छ, गाडी उभी, आणि सासूबाई, शिवम्मा, इंजिनाला विभूती लावत होत्या. मला खरंच बरं वाटलं. रागाच्या भरात दोन दिवस ह्यांना धड जेवायला वाढलं नव्हतं, त्या दिवशी वाढलं.

सकाळी तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. बायका चरव्या घेऊन आल्या. मी कॅनचं झाकण उघडलं आणि नाकात रॉकेलचा भपकारा आला.

"कॅनमधी काय केलंय तुमी?" मी विचारलं.

हे खाली बघत म्हणाले, "गुंडप्पाच्या इंजिनातलं जुनं ऑईल काढलं. पार्टबी त्यातच रॉकेलनं धुतले. टँकर कालच येऊन गेलता. बादल्या, पातेली, घागरी, समदं पाण्यानं भरलेलं. रिकामं एवढंच भांडं होतं. राखेनं लई घासलंय पर."

"कुणाला इचारायचं तरी!"

"तू घरी न्हवतीस."

पाणी सांडायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते चूक कसं म्हणू? पण रॉकेलचा वास धुऊनही जात नाही. असलं दूध नेलं असतं तर नंबर तिथंच गेला असता. साडेसहा वाजले होते.

मी घरात गेले. आठ दिवसांच्या पिण्याच्या पाण्याच्या तीन घागरी चुलीशेजारी होत्या. बादल्या-पातेल्यांतलं पाणी नुसतं वापरायचं, आणि असल्या उघड्या भांड्यांतून दूध गाडीवर हिंदकळलं असतं. पहिली उचलली आणि म्हशीच्या कुंडात ओतली. सासूबाई "अगं शांते!" म्हणून ओरडल्या. ती घागर कोरडी पुसून मी बायकांचं दूध मोजून तिच्यात घेतलं. ज्यांच्या चरव्या रिकाम्या झाल्या त्यांच्यात दुसऱ्या घागरीचं पाणी ओतलं, मग तिसरीचं. "न्या घरी. प्या," म्हणाले. छबुबाईच्या चरवीतही ओतलं. ती तोंड फिरवून पाणी घेऊन गेली. मला रडू येत होतं, पण बावीस बायकांसमोर सचिवानं रडायचं म्हणजे काय!

दोन घागरी गाडीला दोन बाजूंनी बांधल्या, तिसरी मांडीवर घेऊन मी मागं बसले. इंजिन कुरकुर न करता चाललं.

उत्तरेश्वर घागरी बघून म्हणाला, "कॅन कावून न्हाई आणला?"

"वास घ्या, डिग्री लावा. नापास झालं तर माघारी नेते," मी म्हणाले.

त्यानं वास घेतला, लॅक्टोमीटर बुडवला, घड्याळाकडं बघितलं. आठाला दहा मिनिटं होती. छत्तीस लिटरची पावती फाडली. नंबर वाचला.

परत येताना हे म्हणाले, "आठ दिवस मी बाहेर कुठंतरी पाणी पिईन." मी म्हणाले, "आणि आई? त्या कुठं जातील प्यायला?"

अंगणात गाडी थांबली तर लिंबाखाली चरव्यांची रांग. प्रत्येकीवर ताटली झाकलेली. सासूबाई शेजारी बसून माश्या हाकत होत्या. चरव्या न धुताच पाणी घेतलेलं, त्यामुळं सगळं पाणी पांढरट दिसत होतं. ते एकीनंही घरी वापरलं नव्हतं. त्यात चार चरव्या जास्तीच्या होत्या. म्हशीला ओतलेल्या घागरीची भरपाई बायकांनी आपापल्या घरून केली होती.

छबुबाई ओट्यावर बसली होती. वर्षभरानं ती माझ्याशी बोलली.

"बाई, तुमचं ते काचेचं काढा," ती म्हणाली. "माझ्या चरवीला आधी लावा. पाण्यात दूध किती निघतंय बघा, आन् जास्त निघालं तर समद्यांसमोर माघारी करा."

मी तिची चरवी उचलली, तोंडाला लावली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, रडले.