बॅटन कोणाच्या हातून पडलं

बॅटन पडलं तेव्हा मयुरीला त्याचा आवाज आला नाही. पंधरा-वीस हजार लोकांच्या गलक्यात ती पोकळ नळी लाल ट्रॅकवर एकदा उसळली, गडगडत शेजारच्या लेनमध्ये गेली आणि आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतली भारताच्या मुलींची चार गुणिले शंभरची रिले शर्यत तिथेच संपली. तोवर त्या दुसऱ्या होत्या.

मयुरी गुल्हाने वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेची. वय बावीस. ती तिसरा टप्पा पळायची, वळणावरचा. वळणावर अंग आत झुकवूनही वेग न सोडणाऱ्या मुली थोड्या, आणि ती त्यातली. तिच्याकडून बॅटन घेऊन शेवटचा टप्पा पळायची पुण्याची वेदश्री. देशातली सगळ्यात वेगवान मुलगी. बुटांच्या जाहिरातीत तिचा चेहरा असायचा.

बॅटन घेणारी मुलगी आपल्या मागे ट्रॅकवर एक पट्टी चिकटवून ठेवते, पावलाला पाऊल लावून मोजलेली. वेदश्रीची पट्टी सव्वीस पावलांवर होती. देणारी त्या पट्टीवर आली की घेणारीनं सुटायचं, मग मागे वळून बघायचं नाही. त्या दिवशी वेदश्री आधीच सुटली. मयुरी पट्टीपासून चांगली दोन ढांगा लांब होती. तिनं हाक दिली, अंग झोकून दिलं, बॅटन वेदश्रीच्या बोटांना लागलं आणि निसटलं. टीव्हीवर दिसलं ते एवढंच, की मयुरीचा हात पुढे गेला आणि बॅटन खाली पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या मॅनेजर साहेबांनी तिला हॉटेलच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक कागद होता. चारच ओळी. माझ्या निष्काळजीपणामुळे बॅटन पडलं, मी संघाची माफी मागते.

"सही कर. वर काहीतरी द्यावं लागतं," साहेब म्हणाले. "चार दिवसांत लोक विसरतील. सराव-कॅम्पमधली तुझी जागा पक्की."

"सर, ती लवकर सुटली. मी व्हिडिओ बघितलाय."

बघितला होता. संघाच्या व्हिडिओवाल्यानं रात्रीच वळणावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण तिला दाखवलं होतं. एकदाच. दुसऱ्यांदा दाखव म्हटल्यावर त्यानं लॅपटॉप मिटला होता.

"वेदश्रीचं नाव यात आणायचं नाही," साहेबांचा आवाज बदलला. "तिच्यामागे किती लोक उभे आहेत, कळतं का तुला? तुझ्यामागे कोण आहे?"

मयुरीनं कागद उचलला, नीट वाचला आणि परत ठेवला. "यात निष्काळजीपणा लिहिलाय. तो मी केला नाही. सर, मी सही करणार नाही."

"मग घरी जा."

ती घरी आली.

सिंदी मेघेत बंडूजी गुल्हान्यांचं पाइप आणि रंगाचं दुकान. दुकानाच्या मागेच घर. मयुरी लहान असल्यापासून या दुकानात गिऱ्हाईक आलं की नळाच्या तोट्यांआधी तिच्या शर्यतींची चौकशी व्हायची. आता चौकशी वेगळी होती. "दांडकं पडलं म्हणे पोरीच्या हातून?" कोणी हळहळून विचारायचं, कोणी नुसतं मजा म्हणून. बंडूजी मान खाली घालून पाइप कापत राहायचे.

थोरला भाऊ गजेंद्र मात्र बोलायचा. साहेबांनी त्याला फोन केला होता.

"करून टाक नं सही," तो जेवताना म्हणाला. "एक कागदच तं आहे. काऊन एवढी अडून राह्यली?"

"दादा, तुह्या दुकानातल्या पाइपात भेग नसताना 'भेग होती' असं तू लिवून देशीन?"

"मायं नाव पेपरात येत नाई. तुयं येते."

"मायं नाव येते म्हणूनच नाई करत."

बंडूजींनी ताटावरून मान वर केली. मयुरीला वाटलं, आता बाबा दादाचीच बाजू घेतील. ते फार बोलणारे नव्हतेच. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "जे झालं नाई, थे लिवून देजो नको."

विषय तिथे संपला, घरापुरता तरी.

बाहेर तो दोन वर्षं चालला. शेजारचे रामाजी, ज्यांचं कापडाचं दुकान होतं, ते एकदा गल्ल्यासमोरच्या स्टुलावर ठाण मांडून बसले. नागपूरचं एक स्थळ आणलं होतं. "आता कायचं पळणं, बंडूजी? बदनामी झाली तेवढी पुरे. पोराचं मोठं दुकान आहे, चूप लगन करून टाका."

मयुरीची आई शकुंतलाबाई आतून चहा घेऊन आल्या होत्या. कप त्यांनी रामाजींच्या हातात दिला आणि उभ्याच राहिल्या. "रामाजी भाऊ, पोरीनं चोरी केली का?"

"म्या कुठं तसं म्हटलं, वहिनी?"

"मंग बदनामी कायची? तिचं लगन कराचं तवा करू. पळणं सोडवाले लगन नाई करत आमी." आणि त्या आत गेल्या. रामाजींनी चहा बशीत ओतला आणि पावसापाण्याचं काढलं.

मयुरी हे पडद्याआडून ऐकत होती. त्या दुपारी तिनं बुटांच्या नाड्या बांधल्या आणि सायकल काढून बोरगाव मेघेला सुलोचना मॅडमकडे गेली. मॅडम शाळेत तिच्या खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. सातवीतल्या मयुरीला मुलांच्या शर्यतीत उभं करणारी बाई ती. त्यांनी तिला सोफ्यावर बसवलं नाही की धीर दिला नाही. म्हणाल्या, "कॅम्पमध्ये नेत नसतील तर नको नेऊ दे. दोनशे मीटरची निवड चाचणी सगळ्यांसाठी उघडी असते नं? तिथं घड्याळ बोलते. वळण तुयं आहे. चाल मैदानावर."

शाळेचं मैदान मातीचं. मॅडमनी सुतळी धरून वळण आखलं, चुन्याची फक्की टाकून ते पांढरं केलं. मयुरी रोज पहाटे तिथं पळायची. वैशाखात सात वाजताच माती तापायची, फक्की उडून नाकातोंडात जायची. बघ्यांची कमी नव्हती. कुंपणाबाहेरून एकदा दोघं ओरडले, "ए, पाडशीन वो!" मयुरी थांबली, चालत कुंपणापाशी गेली. "काय म्हणता? जोरानं म्हणा." ती उभीच राहिली, ते मोटारसायकल सुरू करून जाईपर्यंत. मग परत रेषेवर आली.

अधूनमधून ती आईच्या माहेरी, गिरडला जायची. दर्ग्याच्या टेकडीची चढण तिनं किती वेळा पळून काढली, मोजलं नाही. वर पोचली की मांड्या थरथरायच्या आणि पोटात काही ठरायचं नाही. दर्शनाला आलेल्या बाया तिच्याकडे आश्चर्यानं बघायच्या. एकीनं विचारलं, "काय नवस बोलली व माय?" मयुरीनं धापा टाकत मान हलवली. नवस नव्हता. राग होता, आणि तो चढणीवर चांगला कामाला यायचा.

पहिल्या वर्षी ती चाचणीत सहावी आली. दुसऱ्या वर्षी ती बाहेरच्या लेनमधून सुटली, वळण संपता संपता सगळ्यांच्या पुढे होती आणि शेवटपर्यंत तिला कोणी गाठलं नाही. देशात पहिली. रिलेच्या संघातून तिला वगळायला आता कोणाकडे कारण उरलं नव्हतं.

कॅम्पमध्ये मॅनेजर तेच होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "फाइलमधल्या त्या जुन्या कागदावर सहीची जागा अजून रिकामी आहे."

"रिकामीच राहील, सर."

"उद्धटपणा करू नकोस."

"उद्धटपणा नाही. तुम्ही विचारलं, मी उत्तर दिलं."

वेदश्री दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

सराव सुरू झाला तेव्हा मयुरीनं एकच गोष्ट मागितली. पट्टी दोघींनी मिळून मोजायची, रोज. आणि दोघींपैकी कोणीही आधी किंवा उशिरा सुटलं तर तिथेच बोलून दाखवायचं. प्रशिक्षकांनी होकार दिला. पहिल्या आठवड्यात वेदश्री तीनदा लवकर सुटली. तिन्ही वेळा मयुरी थांबली, बॅटन हातातच ठेवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी सुटलीस." चौथ्या वेळी वेदश्रीनं स्वतःच हात वर केला. "आधी सुटले. पुन्हा."

दोघींत मैत्री झाली नाही. पण पट्टी पक्की झाली. सव्वीस नाही, चोवीस पावलं.

स्पर्धा परदेशात होती, पुन्हा आशियाई. अंतिम फेरीत भारताला सातवी लेन मिळाली. मयुरी वळणाच्या तोंडाशी उभी राहिली तेव्हा तिला तहान लागली होती आणि तळहात कोरडे पडले होते. बंदूक वाजली. पहिल्या मुलीची सुरुवात बरी झाली, दुसरीनं समोरच्या सरळ पट्ट्यात दोन देश मागे टाकले आणि मयुरी पट्टीवर नजर रोखून उभी होती. दुसरीचा पाय पट्टीवर पडला, मयुरी सुटली. हाक आली, तिनं हात मागे केला, तळव्यात बॅटन बसलं.

मग वळण. डावा खांदा आत, पाय जमिनीला चाटत. बाहेरच्या लेनमधली मुलगी तिला दिसत होती, मग शेजारी आली, मग दिसेनाशी झाली. पुढे वेदश्रीची पाठ. ती वाकून उभी होती, मागे बघत, हलत नव्हती. हल म्हणावं असं मयुरीला वाटलं नाही. तिचा पाय पट्टीवर पडला आणि त्याच क्षणाला वेदश्री सुटली.

"हात!"

हात मागे आला, सरळ, न डगमगता. मयुरीनं बॅटन तळव्यात दाबलं आणि सोडलं.

त्यानंतर तिला फक्त पाठी दिसल्या. चीन पहिलं गेलं, जपान दुसरं. वेदश्रीनं छाती पुढे टाकली. फलकावर भारताचं नाव तिसऱ्या ओळीत आलं, त्यापुढे राष्ट्रीय विक्रमाची खूण. मयुरी गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि मोठ्यानं ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज.

ट्रॅकवरून बाहेर पडायच्या वाटेवर पत्रकार उभे असतात. चौघी खांद्यांवर झेंडा घेऊन तिथं थांबल्या. एकानं माइक मयुरीपुढे धरला. "मागच्या वेळी तुमच्या चुकीमुळे पदक गेलं होतं. आज ती भरून काढली, असं वाटतं?"

मागे मॅनेजर उभे होते. त्यांनी हातानं खूण केली, आटप.

"माझी चूक नव्हती," मयुरी म्हणाली. "बॅटन माझ्या हातून सुटलं, पण चूक माझी नव्हती. मला चुकीच्या कागदावर सही करायला सांगितलं होतं, मी केली नाही. म्हणून दोन वर्षं घरी बसवलं. आज मी काही भरून काढायला पळाले नाही. मला वळण पळता येतं, म्हणून पळाले."

"मग चूक कोणाची होती?"

वेदश्री तिच्या डाव्या बाजूला होती. मयुरीनं तिच्याकडे बघितलं नाही. "वळणावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे. ते मागून घ्या."

मॅनेजर पुढे आले, माइकवर हात ठेवला आणि मुलींना पुढे ढकललं. कानाशी येऊन म्हणाले, "घरी गेल्यावर नोटीस येईल तुला."

"पाठवा, सर. पत्ता तोच आहे."

उत्तेजक द्रव्याच्या तपासणीसाठी दोघींची नावं निघाली, मयुरी आणि वेदश्री. एका पांढऱ्या खोलीत त्यांना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. शर्यतीनंतर अंगातलं पाणी आटलेलं असतं. नमुना लगेच देता येत नाही. पाण्याच्या बाटल्या प्यायच्या आणि वाट बघायची. तपासणीवाली बाई समोर बसून होती, तिला मराठी कळत नव्हतं.

दोघींनी एकेक बाटली संपवली. मग वेदश्री म्हणाली, "मी आधी सुटले होते."

"मला माहीत आहे."

"मलाही तेव्हाच कळलं होतं. शेजारची थायलंडची मुलगी हलली, मला वाटलं मी मागे पडणार." तिनं बाटलीचं झाकण फिरवलं, काढलं, परत लावलं. "त्यांनी मला सांगितलं, तू गप्प बस, आम्ही बघतो. मी गप्प बसले. दोन वर्षं तुझ्यावरची थट्टा वाचत होते."

"वाचत होतीस," मयुरी म्हणाली.

"हो."

"मी पळत होते. शाळेच्या मैदानावर, मातीत. माझ्या वडिलांना लोक रोज दुकानात येऊन विचारायचे. तू मला आत्ता इथं सांगतेस, जिथं कोणाला ऐकू येत नाही."

वेदश्रीचे डोळे भरले. मयुरीला तिची कीव आली, आणि कीव आली म्हणून राग गेला असं मात्र झालं नाही. दोन्ही एकदमच होतं.

"काय करू मी?" वेदश्रीनं विचारलं.

"लिहून दे. मला नको, त्यांना दे."

"ते मला संघातून काढतील."

"काढतील कदाचित." मयुरीनं दुसरी बाटली उघडली. "मला काढलं होतं. मेले नाही मी. बोरगावच्या मैदानावर जागा आहे. सकाळी साडेपाचला यावं लागतं."

वेदश्री रडता रडता हसली. मग तिनं तपासणीवाल्या बाईकडे खुणेनं पेन मागितलं. बाईनं दिलं. कोरा कागद नव्हता, म्हणून वेदश्रीनं शर्यतीतल्या लेन आणि नावांची छापील यादी पिशवीतून काढून उलटी केली, मांडीवर धरली आणि लिहायला लागली. पहिली ओळ लिहून तिनं विचारलं, "तारीख मागच्या स्पर्धेची घालू की आजची?"

"आजची," मयुरी म्हणाली. "लिहितेस आज."