उशाखालचे तीन दिवस

मी एक जुना नीलम आहे आणि स्वभावाने जरा रागीट आहे. मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही झाला असता. माणिक घेताना माणसे रंग बघतात, पाचू घेताना डाग बघतात, आणि मला घेताना थेट आपले नशीब बघतात. नीलम लाभला तर राजा करतो, नाही लाभला तर घर बुडवतो, असे म्हणत मला आधी तीन दिवस उशाखाली ठेवतात. मी सहा घरांतून परत आलो. एका घरी तर म्हाताऱ्याच्या उचकीचे खापरही माझ्यावर फुटले.

शाहू महाराजांच्या राज्यातली ही गोष्ट. खासबागेत कुस्तीचे मैदान बांधायचे काम तेव्हा चालू होते. मी कोल्हापुरात, गुजरीच्या सराफ पेठेतल्या बाबालालच्या डबीत पडून होतो. बाबालाल खड्यांचा व्यापारी. मला तो दर शुक्रवारी मऊ फडक्याने पुसायचा, म्हणून मला आवडायचा.

एके दिवशी पेठ वडगावचे पिराजी दुकानात आले. त्यांच्या मुलीचे, चिमणाबाईचे लग्न कोल्हापूरच्या सयाजी पैलवानाशी ठरले होते आणि साखरपुड्यात जावयाला खड्याची अंगठी घालायची त्यांना भारी हौस होती. सोबत स्वतः सयाजी होता आणि त्याची थोरली बहीण आक्का होती. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते, त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा.

बाबालालने खडे मांडले. आक्काला माणिक फार तांबडे वाटले, पुष्कराज फिकट वाटला आणि पोवळे म्हणजे दाताखाली आलेला खडा वाटला. सयाजीने मात्र माझ्यावर बोट ठेवले. कारण मला नंतर कळले. मुलगी बघायला गेला तेव्हा या दांडग्या गड्याला मान वर करायचा धीर झाला नव्हता. सगळा वेळ त्याने चिमणाबाईच्या लुगड्याचा काठ तेवढा बघितला होता, आणि तो काठ माझ्याच रंगाचा होता.

आक्काच्या कपाळाला आठी पडली. ती म्हणाली, "तीन दिस उशाला ठिवायचा. आन् ज्या घरचा खडा लाभत न्हाय, त्या घरची पोरगी तरी कशी लाभंल?"

पिराजींचा चेहरा उतरला. आता नुसत्या माझ्या नाही, चिमणाबाईच्या लग्नाचा निकाल लागणार होता. मी मनातून घाबरलो. मी दगड आहे हो, मला कुणाचे बरे-वाईट करता येत नाही.

आक्काने मला पुरचुंडीत बांधून, चुलीतला निखारा धरावा तसे चिमट्यात धरून, सयाजीच्या उशाखाली सरकवले. तिची पाठ वळली मात्र, सयाजीने मला बाहेर काढले. आपल्या दुप्पट गड्यांना अस्मान दाखवणारा हा पैलवान, पण मला त्याने अंगापासून हातभर लांब धरले. दारासमोरच्या गोठ्यात नेऊन त्याने मला भिंतीतल्या देवळीत ठेवले आणि मागे न बघता निघून गेला.

तीन दिवस मी म्हशीच्या सोबतीने काढले. म्हैस गाभण होती. तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि मला फार बरे वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी पिराजी आणि बाबालाल आले. तालमीतली चार पोरेही निकाल ऐकायला दारात उभी राहिली. आक्काने सगळे सांगितले. सयाजी पंचगंगेच्या घाटावर घसरून पडला. तालमीत एका किडकिडीत पोराने त्याला चीत केले. आणि काल तर बसल्या जागी त्याचे धोतर फाटले. खरे तर सयाजीचे लक्ष त्या निळ्या काठातून निघत नव्हते, पण हे आक्काला कोण सांगणार? पिराजी दुसरा खडा घ्यायला तयार होते. आक्का म्हणाली, आता गोष्ट खड्याच्या पुढे गेली, हे लग्न नको.

पिराजी पागोटे सारखे करून उठले. तेव्हा सयाजी पुढे आला.

"आक्का, खडा माझ्या उशाला नव्हताच. गोठ्यात व्हता."

"गोठ्यात? कुणी ठिवला?"

"म्याच. मला भ्या वाटलं."

दारातली पोरे पोट धरून हसली. सयाजीचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. पिराजी मात्र हसले नाहीत.

आक्का विचारात पडली. आदल्याच दिवशी म्हशीला ठणठणीत रेडी झाली होती. आक्काने गंभीरपणे सांगितले, की खडा म्हशीला लाभला, तेव्हा तो काळ्या दोऱ्यात ओवून म्हशीच्या गळ्यात बांधावा. मित्रांनो, माझ्या जन्मात मी एवढा कधी भ्यालो नाही.

बाबालालने शांतपणे समजावले, "आक्का, साखरपुडा म्हशीचा न्हाय, सयाजीचा हाय."

मग पिराजी बोलले. "माझ्या पोरीसाठी चारचौघांत स्वतःचं हसं करून घेतलं ह्यानं. मला जावई लाभला. खड्याचं तुमचं तुम्ही बघा."

आक्का उठून साखरेचा डबा घेऊन आली. तिने साखर वाटली, पण मला हात लावला नाही.

साखरपुड्याच्या अंगठीत बसून पुढे कितीतरी वर्षे मी सयाजीच्या बोटात होतो. तापाची मोठी साथ आली तेव्हा चिमणाबाई अंथरुणाला खिळली. शेजारी म्हणाले, अंगठी नदीत टाक. सयाजी तिच्या उशाशी बसून होता. तो म्हणाला, "खड्याला एकदा भ्यालो, तवा हिला घालवून बसणार व्हतो. आता न्हाय भ्यायचा." आणि माझ्यासकट तो हात त्याने तिच्या कपाळावर ठेवला. ती बरी झाली. त्याचे श्रेय मला कुणी दिले नाही, आणि ते योग्यच झाले.

आता मी त्यांच्या नातवाच्या कपाटात आहे. पुसायला कुणाला सवड नाही. मित्रांनो, घाटावर पाय घसरला तर शेवाळ बघा, धोतर फाटले तर शिवण बघा, आणि भीती वाटली तर सयाजीसारखे सांगून मोकळे व्हा. माझे म्हणाल तर मला अधूनमधून कोमट पाण्याने धूत जा. नाहीतर वर्षानुवर्षे तुम्ही धुणार नाही, आणि मग खडा काळवंडला, आता घरात काहीतरी वाईट होणार, असे म्हणून पुन्हा माझ्याच नावाने बोटे मोडाल.