ओलं आहे अजून

माझा नवरा फरशा बसवतो. जग त्याला मिस्त्री म्हणतं आणि मीही मिस्त्रीच म्हणते, कारण घरातसुद्धा त्याचं वागणं कंत्राट घेतल्यासारखं असतं. नवी फरशी बसवली की दारात आडवी फळी लावून तो घरमालकालाही दटावतो, "पाय ठेवायचा नाही. ओलं आहे अजून." खालचं सिमेंट धरायच्या आत कुणी पाऊल टाकलं तर फरशी हलते आणि मग कायमची डुगडुगते. त्याचं हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

गुडघ्याच्या बाबतीत मात्र याच शहाणपणानं आमचा घात केला.

आयुष्यभर गुडघे टेकून काम केलेला माणूस. एका संध्याकाळी उजवा गुडघा सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती सांगितली आणि मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाईंनी टाच गादीवरून हळूहळू मागे ओढायला शिकवलं आणि थोडंच करा म्हणाल्या. मिस्त्रीला थोडं कसं जमणार? पहिल्याच दिवशी दातओठ खाऊन तासभर ओढत बसला. सकाळी गुडघा पुन्हा फुगलेला. माझा हा दांडगा माणूस पार घाबरला. त्यानं पाय सरळ ठेवला, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि मला म्हणाला, "हात लावू नकोस. ओलं आहे अजून."

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. खूळ उतरलं नाही, सूज उतरली. तरी तो उशा काढू देईना. मांडी बारीक होत गेली. पाय पुसताना मी गुडघ्याखाली हात घातला की तो ओरडायचा, आणि गुडघा काही वाकायचा नाही. बाईंकडे चला, असं मीही जोर करून म्हटलं नाही. उशीर झाला असं त्या म्हणाल्या तर, या भीतीनं माझी जीभच उचलत नव्हती. गुडघा वाकल्याशिवाय फरशी बसवता येत नाही, आणि फरशीशिवाय या माणसाला दुसरं काही येत नाही.

मग एका सकाळी न्हाणीघरातून धप्प आवाज आला. आत जाऊन बघते तर मिस्त्री भिंतीला धरून खाली बसलेला, पाय समोर सरळ. लागलं नव्हतं. पण उठता येत नव्हतं. स्वतः बसवलेल्या फरशीवरून त्याला उठता येत नव्हतं, आणि तो माझ्याकडे बघतच नव्हता.

शेजाऱ्यांना हाक मारून त्याला उचललं आणि तसंच बाईंकडे नेलं. जिना उतरताना त्यानं माझा दंड असा आवळला की वळ उठले.

बाईंनी गुडघा चाचपला, जरासा वाकवून पाहिला. "आत काही बिघडलेलं नाही. नुसता ठेवून ठेवून आखडलाय. असाच ठेवलात तर असाच राहील."

"आणि परत सुजला तर?" मीच विचारलं.

"ताण जाणवेल, तो चालतो. कळ आली की थांबायचं. थोडं करायचं, मग विश्रांती. दुसऱ्या दिवशी गुडघा गरम लागला, सुजला, तर जास्त झालं म्हणून समजा आणि कमी करा. पण बंद करू नका."

दुपारी मी त्याची टाच हातात घेतली.

"तूच मोडशील," तो म्हणाला.

"गप्प बसा हो."

टाच सरकली, आणि आतून कट्ट आवाज आला. मी टाच तिथेच धरली.

"कळ आली का?"

"नाही. ताण आहे."

चार बोटं टाच मागे आली असेल. आणखी दोनतीनदा तेवढंच केलं, मग उशीवर पाय ठेवून त्याला पडू दिलं. त्या रात्री तो झोपला नाही, हे मला ठाऊक आहे, कारण मीही झोपले नाही.

सकाळी तो पांघरूण काढेना. "तूच बघ."

मी एक तळवा डाव्या गुडघ्यावर ठेवला, दुसरा उजव्यावर. भीतीनं काही कळेना. हात बदलून पुन्हा ठेवले.

"सारखेच आहेत."

"खरं सांग."

मी त्याचा हात ओढून त्या गुडघ्यावर ठेवला. इतक्या दिवसांत त्यानं स्वतः तिथे हात लावला नव्हता. बराच वेळ त्यानं तो तसाच ठेवला. मग डोळे पुसले आणि आपणहून टाच मागे ओढली. कालच्याहून जरा जास्त. पुन्हा ओढली. पुन्हा. दातओठ खाऊ लागला, चेहऱ्यावर जुना जोर चढला.

"वाकतोय गं! बघ, अजून वाकतोय, अजून—"

मी त्याची नडगी हातानं दाबून धरली.

"पुरे, मिस्त्री. ओलं आहे अजून."

त्यानं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग टाच हळूच सोडली, पाय सरळ केला आणि मुकाट्यानं उशीला टेकला.