तळघरात न गेलेले गठ्ठे

मित्रांनो, एका जागी स्वस्थ उभे राहणे मला कधीच जमले नाही. मी एक जुनी लोखंडी ढकलगाडी आहे. राजधानीतल्या एका सरकारी इमारतीत, रस्ते आणि पूल पाहणाऱ्या खात्यात, मी चोवीस वर्षे फायली वाहिल्या. खाली चार चाके, वर दोन फळ्या आणि ढकलायला एक दांडा, एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. त्या दिवशी आम्ही सहा जणी तयार झालो. माझे पुढचे डावे चाक जोडताना वेल्डरला बायकोने जेवायला हाक मारली आणि घाईत चाक जरा तिरके बसले. जेवून आल्यावर त्याने मला ढकलून पाहिले. मी सरळ न जाता भिंतीकडे वळले. तो खो खो हसला आणि म्हणाला, "ही बया सरकारी खात्यातच चालेल!" झाले, मला नोकरी लागली.

खात्यात मला मावशींच्या हाती दिले. मावशी तिथे शिपाई होत्या. त्यांना सगळेच मावशी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले अधिकारीसुद्धा. माझी खोड त्यांनी दोन दिवसांत ओळखली. दांडा उजवीकडे किंचित दाबून धरला की मी सुतासारखी सरळ जाते, हे त्यांना कळले. दुसऱ्या कोणी हात लावला की मात्र मी हमखास भिंतीला धडकायची.

आमचे काम सकाळी दहाला सुरू व्हायचे. दफ्तरखोलीतून फायलींचे गठ्ठे घ्यायचे, टेबलाटेबलावर पोचवायचे, संध्याकाळी गोळा करून परत आणायचे. एकदा दफ्तरखोलीच्या छतातला पाण्याचा नळ फुटला. मावशींनी पदर खोचला आणि एका दुपारी आम्ही दोघींनी अडतीस खेपा करून सारी दफ्तरे कोरड्या खोलीत नेली. मावशींना प्रशस्तिपत्र मिळाले आणि मला हिरवा रंग. आठवडाभर जो तो मला बघून जात होता. मग रंग वाळला आणि कौतुकही.

दफ्तरखोलीत एक कारकून होते. कागद आत येवो की बाहेर जावो, ते नोंदवही पुढे सरकवून म्हणायचे, "इथे सही करा." म्हणून त्यांचे नावच पडले सहीकाका. स्वभावाने फार भित्रे. कोणी आवाज चढवला की त्यांना उचकी लागायची, आणि एकदा लागली की तासभर थांबायची नाही.

आता मी तुम्हांला त्या वर्षीची हकिकत सांगते. देशाच्या संसदेची निवडणूक होती. नऊ वर्षे एकाच पक्षाचे सरकार होते आणि आमच्या खात्याला नऊ वर्षे एकच मंत्री होते. मतदान शांतपणे पार पडले. मात्र मोजणी चार दिवसांनी होती, आणि ते चार दिवस इमारतीत कोणाचा पाय ठरेना. अधिकारी विनाकारण व्हरांड्यातून फेऱ्या मारायचे. उद्या साहेब कोण असणार हेच माहीत नाही, तर सही कोण करणार? फायली जागच्या जागी पडून राहिल्या. मी रिकामी उभी होते. कुठे दार आपटले की माझी चाके थरथरायची.

मोजणीच्या दिवशी सगळे कॅन्टीनमधल्या टीव्हीपुढे गोळा झाले. एका फेरीत हे पुढे, दुसऱ्या फेरीत ते पुढे. दुपारी चित्र स्पष्ट झाले. सत्तेतला पक्ष हरला होता. विरोधकांना बहुमत मिळाले होते, पण अगदी काठावरचे, अवघ्या तीन जागांचे.

आता पंतप्रधान राजीनामा देतील, असे सगळ्यांना वाटले. त्या दिवशी ते बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत त्यांच्याकडून एक शब्द नाही. मग अफवांना ऊत आला. कोणी म्हणे, पुन्हा मोजणी होणार. कोणी म्हणे, हे खुर्ची सोडणार नाहीत. फाटकावरचे पहारेकरी दुप्पट झाले. मावशींच्या बहिणीचा फोन आला, "अगं, आज घरी निघून ये. काही झालं म्हणजे?"

मावशी म्हणाल्या, "घरी येऊन तरी काय करू? तिथंही टीव्हीच बघत बसायचं ना!"

त्याच दुपारी मंत्र्यांचे खासगी सचिव दफ्तरखोलीत आले. हातात एक यादी होती. "हे एकोणीस गठ्ठे काढा. जुने, निकामी कागद आहेत. तळघरात नेऊन कागद कातरायच्या यंत्रात घालायचे. आत्ताच."

सहीकाकांनी यादी वाचली. त्यांना उचकी लागली. "साहेब, हे तर गेल्या वर्षीचे पुलांच्या तपासणीचे अहवाल आहेत. जुने कुठले? लेखी आदेश असेल तर..."

"मंत्र्यांचा तोंडी हुकूम आहे. ही काय नोंदवही उघडायची वेळ आहे?"

सहीकाकांनी नोंदवही मागे ओढली. सचिव मावशींकडे वळले आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "मावशी, तुमच्या लेकीला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. उद्या मी असेन, नसेन. आज संध्याकाळच्या आत तेवढं करून टाकतो. तुम्ही एवढं उरका."

मावशींची लेक याच इमारतीत टायपिस्ट होती, चार वर्षे हंगामी. नवऱ्यापासून वेगळी राहत होती आणि पदरी दोन वर्षांची मुलगी होती. दर तीन महिन्यांनी नोकरी राहते की जाते, या धास्तीत मायलेकींचे दिवस चालले होते.

सचिव गेले. मावशींनी गठ्ठे माझ्यावर रचले. ती यादीही त्यांनी वरच्या गठ्ठ्याच्या दोरीत खोचली आणि मला लिफ्टपर्यंत ढकलत नेले. त्यांनी बटण दाबले. लिफ्ट आली, दार उघडले, पण त्या आत गेल्या नाहीत. दार मिटले. त्यांनी पुन्हा बटण दाबले. पुन्हा दार उघडले आणि पुन्हा मिटले. जन्मभर मला हलायची घाई. त्या दिवशी पहिल्यांदा वाटले, आपली चारही चाके इथेच गंजून जावीत.

मागून सहीकाका आले, उचक्या देत.

"काय आहे हो या कागदांत?" मावशींनी विचारले.

"नदीवरचे दोन पूल आहेत ना, त्यांचे खांब आतून पोखरलेत. इंजिनियर लोकांनी स्पष्ट लिहिलंय, अवजड गाड्या बंद करा, पूल दुरुस्तीला घ्या म्हणून. पण निवडणुकीच्या तोंडावर पूल बंद केले तर लोक चिडणार. म्हणून दाबून ठेवलं."

"मग आता नवीन लोक येऊन बघतील की."

"काय बघतील? कागदच नसला तर पूल ठणठणीत!"

मावशींनी बटणावरचा हात काढून माझ्या दांड्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "तोंडी हुकूम म्हणाला ना तो? मग ज्याच्या तोंडचा हुकूम आहे त्यालाच विचारू या." त्यांनी मला गर्रकन वळवले. इतक्या जोरात की त्या दिवशी मावशींच्या हातूनसुद्धा मी भिंतीला धडकले.

मंत्र्यांच्या दारावरचा शिपाई म्हणाला, "आत्ता नाही भेटायचं." मावशी म्हणाल्या, "बाबा रे, एकवीस वर्षं मी याच दारातून फायली नेतेय. बाजूला हो." तो बाजूला झाला.

मंत्री आत एकटेच होते. टीव्ही आवाज बंद करून चालू ठेवला होता. ते भिंतीवरच्या तसबिरी स्वतःच्या हाताने उतरवत होते.

"काय आहे हे?"

"पुलांच्या तपासणीचे गठ्ठे आहेत, साहेब. तळघरात नेऊन कातरून टाका, असा तुमचा हुकूम आहे म्हणे. लेखी काही नाही. तुम्ही एवढी सही द्या, लगेच नेते."

दोरीतली यादी काढून मावशींनी त्यांच्यापुढे धरली. एक हात माझ्या दांड्यावर होता आणि तो लटलट कापत होता. ते फक्त मलाच कळत होते.

मंत्र्यांनी यादी घेतली. बराच वेळ ते वाचत राहिले. तो हुकूम खरेच त्यांचा होता, की सचिवांनी आपली कातडी वाचवायला त्यांचे नाव पुढे केले होते, हे मला आजतागायत कळलेले नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी काही कळले नाही.

"मावशी, तुम्ही मत कोणाला दिलंत?" त्यांनी एकदम विचारले.

"ते पडद्यामागचं आहे, साहेब. ते तिथंच राहू द्या."

मंत्री किंचित हसले. मग खुर्चीत बसत म्हणाले, "हे कागद राहिले तर उद्या माझं नाव पेपरात येईल."

"येईल, साहेब," मावशी म्हणाल्या. "नाही कशाला म्हणू?"

दाराबाहेरून उचकीचा आवाज आला. मंत्री खिडकीबाहेर बघत होते. "प्रचाराच्या वेळी यातल्या एका पुलावर माझी गाडी अडकली होती. पुढे शाळेची बस होती. मागच्या काचेतून पोरं हात हलवत होती. मीही हलवला." मग ते आमच्याकडे वळले. "मला हा अहवाल माहीत होता तेव्हा."

त्यांनी यादी टेबलावर सपाट केली. मग त्यांनी पेन उघडले आणि यादीच्या खाली लिहिले, 'हे सर्व गठ्ठे नव्या मंत्र्यांच्या हाती समक्ष द्यावेत.' खाली सही केली, तारीख घातली. सहीकाकांनी आत येऊन नोंदवही पुढे केली. मंत्र्यांनी तिथेही सही केली.

त्याच दिवशी चार वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले. दोन दिवसांत त्यांचा चेहरा दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. ते म्हणाले, "लोकांनी निर्णय दिला आहे. तो आम्हांला मान्य आहे. मी राजीनामा दिला आहे." कॅन्टीनमध्ये ना कोणी टाळी वाजवली, ना कोणी घोषणा दिली. फक्त एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याने कोपऱ्यातली शेगडी पेटवली आणि विचारले, "चहा कोणाकोणाला?" तेव्हा कुठे सगळे हलले.

तीन दिवसांनी नव्या मंत्री आल्या. त्या आधी शाळेत भूमिती शिकवायच्या, म्हणून त्यांना सगळे बाई म्हणत. जुने मंत्री त्यांच्या स्वागताला दारात उभे होते. गठ्ठे माझ्यावर होते. "मावशी, हे मी नेतो," असे म्हणून त्यांनी दांडा धरला, आणि मी माझ्या सवयीप्रमाणे भिंतीकडे सुटले. "साहेब, उजवीकडे दाबा!" मावशी ओरडल्या. बाईंनी पुढे होऊन मला दुसऱ्या बाजूने सावरले. क्षणभर एक हरलेला आणि एक जिंकलेली, असे दोघेही मला धरून उभे होते आणि हसत होते. मग मंत्री गंभीर झाले. "यात माझी चूक आहे," ते म्हणाले. "आधी ती वाचा. उद्घाटनं नंतर."

आठव्या दिवशी दोन्ही पूल बंद झाले. लोकांना लांबचा वळसा पडला आणि त्यांनी नव्या बाईंनाच शिव्या घातल्या. जुन्या मंत्र्यांचे नाव पेपरात आले. संसदेत ते विरोधी बाकावरून उठले आणि सगळ्या प्रश्नांना उत्तरे दिली. दुरुस्तीला एक खांब फोडला तेव्हा मजुराचा हात कोपरापर्यंत आत गेला, असे सहीकाका मावशींना सांगत होते. सांगताना त्यांना पुन्हा उचकी लागली.

लेकीचा कागद मात्र सहीविनाच राहिला. सचिव तो टेबलावर तसाच टाकून गेले. बाई म्हणाल्या, "नियमाप्रमाणे होईल ते होईल." तीन महिन्यांनी लेकीची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी ती व्हरांड्यात आईला म्हणाली, "सगळ्या देशाचे पूल बघितलेस. माझं कोण बघणार होतं गं, आई?" मावशींनी तिच्या हातातली पिशवी घेऊन माझ्या फळीवर ठेवली. मग मला ढकलत त्या तिला दारापर्यंत सोडून आल्या. पुढे लेकीने परीक्षा दिली, एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. आता ती दुसऱ्या गावी नोकरी करते. आईला दर रविवारी फोन करते, पण तो विषय दोघीही काढत नाहीत.

नंतर मावशी निवृत्त झाल्या. फायली संगणकात गेल्या. मला जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी ढकलून दिले. माझा हिरवा रंग पोपडे धरून गळतो आहे. तिरके चाक आता फिरतही नाही.

आज बाईंची पाच वर्षे संपली आहेत. पुन्हा निवडणूक झाली, काल पुन्हा मोजणी झाली. कोण जिंकले ते मला इथे कळत नाही. पण डोक्यावरच्या जिन्यावरून सकाळपासून पावले धावत आहेत आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

मित्रांनो, मला पुन्हा रंग द्या, असे मी म्हणत नाही. तुम्ही मोठे व्हाल, मत द्याल. निकालाच्या दिवशी सगळे आकड्यांकडे बघतात. तुम्ही त्याच्या दुसऱ्या दिवशी बघा. कोण कसले गठ्ठे बांधते आहे, कुठे नेते आहे, ते बघा. आणि तुमच्याच हाती कोणी एखादा गठ्ठा देऊन म्हणाले, तोंडी हुकूम आहे, तर थांबा आणि विचारा. हात कापला तरी चालेल. त्याची किंमत तुम्हांलाच मोजावी लागेल, हेही मी लपवत नाही.

आता वर कोणीतरी जड काहीतरी ओढत आणले आहे. ते जिन्यापाशी येऊन थांबले. मी कान देऊन ऐकते आहे, गठ्ठे वर मंत्र्यांकडे जातात की खाली तळघरात.