अजून एक ओली आहे

…कानाच्या मागे, केसांची लव जिथून सुरू होते तिथे, ती एकटीच उरली होती — मसुरीच्या दाण्याएवढी, काळपट तांबडी, एका कडेने किंचित सुटलेली. म्हाळसाने पोरीची मान उन्हाकडे वळवली आणि करंगळीचे टोक खपलीवर हलकेच ठेवले. कोरडी. काल सकाळी पाहिली तेव्हाही कोरडीच होती, परवाही… आणि रविवारी, लेक संपत कुंपणाशी उभा राहून विचारत होता तेव्हा — पण तिथवर गेलेले मन तिने मागे ओढले, दुसऱ्याच्या पिकात तोंड घालणाऱ्या शेळीला ओढावे तसे.

“झालं का, आजी?” अंकिता म्हणाली.

“हलू नगंस.”

पाहून कधीच झाले होते. तरी हात मानेवरच राहिला. झोपेतून उठलेल्या लहान पोरीच्या मानेला एक ऊब असते. टोपल्यातल्या भाकरीची ऊब फडक्यातून हाताला लागावी, तशी. नवरा, म्हस्कू, गेल्यापासून या घरात ऊब म्हणावी अशी चुलीशिवाय कुठे नव्हती. मेंढरे विकली, एक शेळी ठेवली. सुरुवातीला म्हाळसा त्या शेळीशी बोलायची, दिवसभराचे सगळे सांगायची. मग एके दिवशी आपण तिच्याशीही बोलत नाही हे तिच्या ध्यानात आले, आणि ते कधीपासून, हे काही आठवेना.

होळीच्या तोंडावर संपतने पोरीला मोटारसायकलवर पुढ्यात बसवून, चादरीत गुंडाळून न्हावऱ्याला म्हाळसाकडे आणले. शिरूरला त्याची भाड्याची एक खोली. रांजणगावच्या कारखान्यात कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. शाळेत पोराटोरांना कांजिण्या आल्या होत्या. अंकिताच्या पोटावर आधी पाण्याचे थेंब उडावेत तशा दोन-चार उठल्या, आणि मग बघता बघता अंगभर. डॉक्टर म्हणाले, लहान पोरांना याचे काही नाही; नखे बारीक ठेवा, खाजवू देऊ नका, आपोआप आल्या तशा आपोआप जातील. मोठ्या माणसाला मात्र जड जाते, आणि पोटुशी बाईला तर फार जपायचे. संपतची बायको प्रगती पोटुशी होती, आणि तिला लहानपणी कधी आल्या नव्हत्या. तेव्हा शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत आईने पोरीजवळ यायचे नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर, चादर सोडता सोडता, संपतने हळूच विचारले होते, “आये, घाबरण्यासारखं न्हाई ना?”

“माझ्या तोंडाकडं बघ,” म्हाळसा म्हणाली होती. तिच्या गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरही वण होते. संपतने ते जन्मापासून पाहिले होते, म्हणजे कधी पाहिलेच नव्हते. “ही थोरल्या देवीनं काढल्याली नक्षी हाय. तिला घाबरायचं. ही धाकटी. ही खेळाया येती. खेळती आन् जाती.”

आणि घाबरण्यासारखे खरेच काही नव्हते. तिने दाराला लिंबाचे डहाळे खोवले, फोडणी बंद केली, शेजारच्या धुरपदाला सांगितले की बाई — कांजिण्यांची देवी — आल्यात, आता थेट आत यायचे नाही. डॉक्टर म्हणत होता, बाहेरच्या माणसाला पोरीपासून जपा. आपली रीत म्हणत होती, पोरीला बाहेरच्या माणसापासून जपा. दोघांचे पटत नव्हते, पण दार दोघांनी मिळून एकच लावले होते. आणि त्या दाराच्या आत दहीभात, आंबील, अळणी कण्या, आणि आम्ही दोघी…

सुरुवातीला पोर रडायची. आई कधी येणार, आई का येत नाही. म्हाळसा तिच्या पाठीवर लिंबाच्या पाल्याची जुडी फिरवायची — खाज सुटली की खाजवायचे नाही, पाला फिरवायचा — आणि मेंढरांच्या गोष्टी सांगायची. कोणती मेंढी कोकणात उतरताना घाटात हरवली आणि परतीच्या वाटेवर त्याच वळणावर कोकरू घेऊन उभी होती. पोर ऐकता ऐकता पाय आजीच्या अंगावर टाकून झोपायची. तो इवलासा पाय अंगावर पडला की म्हाळसा कूस बदलत नसे. अंग आंबून जायचे. पण कूस बदलत नसे.

आणि मग खपल्या धरू लागल्या.

रविवारी संपत आला तो एकटा नव्हता. खाली रस्त्याला, बाभळीच्या विरळ सावलीत, गाडीला टेकून प्रगती उभी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी. ती पुढे आली नाही. संपत कुंपणापर्यंत आला आणि त्याने विचारले, समद्या सुकल्या का?

“एक अजून वली हाय,” म्हाळसा म्हणाली.

इतके सरळ आले ते तोंडातून, जसे कोणी दुसरेच आत बसून वाट पाहत होते. आणि एक आल्यावर पुढचेही आले: कानामागं हाय, दिसत न्हाई चटकन. आन् सुकली तरी लगेच न्हाई. आंघूळ घालायची ती मंगळवारी, न्हाईतर शुक्रवारी. घाई केली तर बाई रागावती.

“प्रगती म्हणती, लांबनं बघते नुसतं. उठव तिला.”

“निजलीय. लई दिसांनी गाढ निजलीय.”

हे मात्र खरे होते. पोर निजलेली होती. संपतने मागे वळून मान हलवली. प्रगती तिथूनच घराच्या भिंतीकडे पाहत राहिली — दाराकडे नाही, भिंतीकडे, जणू मातीतून आरपार दिसेल — मग तिने पिशवी संपतजवळ दिली, त्याने ती कुंपणावर ठेवली, आणि ती दोघे गेली. पिशवीत बिस्किटे होती आणि एक झबल्यासारखा सुती झगा. पोर उठल्यावर म्हाळसाने तिला बिस्किटे दिली. कोणी आणली ते सांगितले नाही. पोरीने विचारले नव्हते… विचारले असते तर मी सांगितले असते. असते का?

मंगळवार आला आणि गेला. आज शुक्रवार. संपत पहिली पाळी सुटली की येणार होता. म्हाळसाने सकाळीच घंगाळात पाणी भरून, लिंबाचा पाला टाकून, उन्हात ठेवले होते. आंघोळ घालायची, बाईला दहीभाताचा निवद बांधावर ठेवायचा, की ती गेली. आणि ती गेली की पोर गेली. पाणी तापले. पाला मऊ पडून तळाला गेला. म्हाळसा दोनदा उठली आणि दोनदा शेळीला पाणी दाखवून परत येऊन बसली.

उन्हे डोक्यावर आली तेव्हा धुरपदा कुंपणाशी आली. कांद्याच्या काढणीवरून आली होती, कपाळाला मातीचा पट्टा. आत यायचे नाही म्हणून ती कुंपणावर हात टेकून उभी राहिली, आणि अंगणात खड्यांचे घर मांडत बसलेल्या अंकिताकडे बराच वेळ पाहत राहिली.

“काय गं म्हाळसाबाई,” ती म्हणाली, “समद्यांच्या घरी बाई पाव्हणी म्हणून येती. तुझ्याकडं बिऱ्हाड घिऊनच आली काय?”

“जाईल की. तिची मर्जी.”

“तिचीच ना?” धुरपदा हसली, आणि उत्तराची वाट न पाहता कांद्याचा भाव कसा पडला, मुकादम कसा उर्मट आहे, हे सांगत सांगत निघून गेली. तिच्या मनात काही नसेल. ती अशीच बोलते. पण एवढे दिवस म्हाळसाला वाटत होते की आपण संपतला फसवले, फार तर प्रगतीला. आता वाटले, दाराशी एक बाई केव्हाची उभी आहे, जायला निघालेली, आणि आपण तिचा पदर धरून ठेवला आहे, आणि ती अजून काही बोललेली नाही…

तिने पोरीला जवळ बोलावले. मांडीवर घेतले. विचारायचे नव्हते, तरी विचारले, “घरी जायाचं का, बाय?”

“नको.”

“आईकडं?”

अंकिताने खांदे उडवले. हातातला खडा या मुठीतून त्या मुठीत घेतला. “आईला आता दुसरं बाळ आहे,” ती म्हणाली. रडून नाही, रागावून नाही. शाळेत पाढा म्हणावा तसे. मग मांडीवरून उतरली आणि शेळीकडे गेली.

हेच ऐकायचे होते. किती दिवस म्हाळसा हेच ऐकायला कान लावून बसली होती — पोर आता आईचे नाव काढत नाही, पोर आता माझी. आणि ऐकले तेव्हा हातापायांतली ऊब निघून गेल्यासारखी झाली, कारण हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

खुटबावच्या शिवारात मेंढरांचा तळ पडला होता तेव्हा तिला थोरली आली होती. तीही तेव्हा एवढीच. तळ एका जागी थांबू शकत नव्हता. चारा संपला की मेंढरे पुढे न्यावीच लागतात. तिला मळ्यातल्या एका बाईपाशी ठेवून आई-बाप पुढे गेले. पार्वतीबाई. तिला मूलबाळ नव्हते. तिने डोळ्यांना चिकटलेली घाण कोमट पाण्याने सोडवली, भाताची पेज चमच्याने पाजली, तिने जगवले. यात खोटे काही नाही. म्हाळसा बरी झाली, अंगणात खेळू लागली, पार्वतीबाईच्या मागे मागे विहिरीवर जाऊ लागली, आणि आई येईना. येईना म्हणजे येईना. मग खूप उशिराने, ज्वारी हुरड्याला आली होती तेव्हा, बांधावर एक बाई दिसली — वाळलेली, पायांना फडके बांधलेली — आणि म्हाळसा धावत जाऊन पार्वतीबाईच्या मागे लपली. तेव्हा पार्वतीबाईचा हात तिच्या मनगटावर आला. जन्मभर म्हाळसाला आठवत होते की त्या हाताने तिला पुढे ढकलले. ढकलले, हे खरेच. पण त्याआधी… त्याआधी तो हात घट्ट झाला होता. एवढा घट्ट, की दुखले होते.

वाटेने जाताना आई एकदाच बोलली होती. म्हणाली, “म्या आधी दोनदा यिऊन गेले हुते.”

आणि म्हाळसा म्हणाली होती, खोटं.

आई पावले लांब टाकत पुढे चालत राहिली, मागे न बघता. त्या पाठीचा राग म्हाळसाने किती वर्षे सांभाळला. लग्नात सांभाळला, संपतच्या बाळंतपणात आई उशाशी बसली होती तेव्हाही सांभाळला, आई गेली तेव्हा तिच्या तोंडात पाणी घालतानाही तो आत कुठेतरी होता. टाकून गेलीस, आणि वर खोटं बोललीस… दोनदा येऊन गेले. दोनदा. आणि पार्वतीबाईने कुंपणाशी उभ्या उभ्या काय सांगितले असेल? निजलीय? की—

म्हाळसा उठली. गुडघ्यांवर हात टेकून, हळूहळू. अंकिता शेळीच्या तोंडाशी शेवरीचा पाला धरून उकिडवी बसली होती. म्हाळसा तिच्यामागे जाऊन उभी राहिली. एवढे एकच वाक्य, तेही खरे, आणि ते बाहेर यायला केवढा वेळ.

“तुझी आई आली हुती गं,” ती म्हणाली. “रविवारी. तू निजली हुतीस. तिथं, बाभळीखाली उभी हुती. लई वेळ.”

शेळीने पाला ओढला. अंकिताने मागे वळून पाहिले नाही.

“खोटं,” ती म्हणाली.

आता सांगायला खूप होते. बिस्किटे होती, सुती झगा होता, बाभळीखाली चाकांचे व्रण अजून असतील. पण म्हाळसा नुसती उभी राहिली, पोरीच्या पाठीकडे पाहत. दूर न्हावऱ्याच्या फाट्याकडून कसला तरी आवाज येत होता, मोटारसायकलचा असेल, उसाच्या ट्रॅक्टरचाही असेल. तो जवळ येतो आहे की लांब जातो आहे हे तिला कळत नव्हते. कळत होते ते एवढेच, की त्या दिवशी त्या वाटेवर आई पुढे चालत होती ती रागाने नव्हे. खरे सांगून झाल्यावर जे माणूस खोटे ठरते, त्याला मागे वळून पोराचे तोंड बघवत नाही.