रुखवताची नानकटाई आणि माझा नवा रॉड

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. विजेचा. जुना म्हटलेलं मला तसं आवडत नाही, पण माझा रंग उडालाय आणि बटणावरचे आकडे पुसले गेलेत, मग लपवून काय उपयोग? तरी आज मी इतका खुशीत आहे की ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याला पत्रा जोडला, आत वर-खाली तापणारे दोन रॉड बसवले, काचेचं दार लावलं आणि मला खोक्यात कोंबलं. खोकं उघडलं ते थेट जाफराबादला, सत्यशीलाच्या स्वयंपाकघरात. तिच्या सासूबाई, सुगंधाबाई, मला बघून म्हणाल्या, "जाळ न्हाई, धूर न्हाई, मंग ह्यात भाजतं कसं?" पण पहिली नानकटाई तोंडात विरघळली आणि त्यांनी मला पुन्हा कधी नावं ठेवली नाहीत. उलट दसऱ्याला विळ्या-कोयत्यांबरोबर मलाही हळदकुंकू मिळू लागलं. त्या दिवशी मी नुसता फुगून बसायचो. गल्लीतल्या बायका सत्यशीलाच्या हाताची तारीफ करायच्या. त्यातली निम्मी तारीफ माझी होती, पण असो.

पुढे माझ्या दाराची रबरी पट्टी कडक होऊन फाटली. फटीतून गरम हवा निसटू लागली. सुगंधाबाईंनी त्यावर घरचा इलाज काढला. हंडीचं झाकण कणकेनं लिंपतात ना, तसं त्यांनी माझं दार लिंपलं. दर खेपेला जळक्या कणकेवर नवी कणीक. इतक्या मायेनं कुणी लिंपल्यावर तक्रार तरी कशी करायची? पण दार धड लागेना, ऊब टिकेना, आणि माझे रॉड सारखे तापत राहायचे.

अशातच सत्यशीलाच्या धाकट्या बहिणीचं, मीनाचं, लग्न आलं. मीना केदारखेड्याची. तिनं फोनवर बजावलं, "ताई, रुखवतात तुझ्याच हातची नानकटाई पाहिजे. विकतची मांडली तर मी रुसून बसंन." दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं डबे निघायचे होते. पीठ मळून झालं, पहिला ट्रे आत गेला, आणि माझा खालचा रॉड फट्‌कन तुटला. नानकटाई वरून लाल आणि खालून कच्ची. सत्यशीला मटकन खाली बसली.

तिचा नवरा गोरक्षनाथ म्हणाला, "देऊन टाकू भंगारवाल्याला. रुखवताला बेकरीतून आणू."

भंगार! माझ्या अंगात उरलेली ऊबही गेली.

"रॉड गेलाय, ओव्हन न्हाई गेला," सत्यशीला म्हणाली. तिनं भिंतीतल्या सॉकेटातून माझी पिन काढली, मला पूर्ण थंड होऊ दिलं, मागचं झाकण उघडलं, वायरींचा मोबाइलवर फोटो घेतला आणि तुटका रॉड नवऱ्याच्या हातात दिला. "जालन्याहून बराबर असाच आणा. दाराची पट्टी पण. जल्दी या."

तो कुरकुरत गेला, पण दोन्ही वस्तू घेऊन आला. तोवर सत्यशीलानं सुरीनं माझ्या दाराची सगळी जळकी कणीक खरवडून काढली होती. केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! सुगंधाबाई एका हातानं मोबाइलचा उजेड दाखवत होत्या. दुसऱ्या हातात, पदरात गुंडाळून, त्यांनी माझी पिन घट्ट धरली होती.

फोटो बघून वायरी जोडल्या, स्क्रू आवळले, झाकण लागलं, पट्टी बसली. सत्यशीलानं घाईत, न बघताच, फडताळाआड हात घालून बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. मी थंडगार. तिनं बटण बंद केलं आणि झाकण उघडून सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या. तिचे डोळे भरून आले. मी आतल्या आत तडफडत होतो. मला दार आहे, पण तोंड कुठंय?

"म्हणलं न्हवतं का मी?" गोरक्षनाथ पुटपुटला.

तेव्हा सुगंधाबाई हळूच म्हणाल्या, "हात अवघडला गं माझा. आता सोडू का हे?" त्यांनी पदर उलगडला. "कुणी चुकून लावलं तर तुला झटका बसंल, म्हणून धरून बसले व्हते."

सत्यशीला हसली आणि रडलीही. पिन लागली आणि माझा नवा रॉड लालबुंद झाला. आधी थोडा नवेपणाचा धूर निघाला, मग ट्रेमागून ट्रे भाजून निघाले, वरून-खालून सारखे. सकाळच्या जीपनं डबे केदारखेड्याला गेले. संध्याकाळी मीनाचा रुखवताचा फोटो आला. सुगंधाबाईंनी तो मला दाराच्या काचेसमोर धरून दाखवला.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला. त्याला सांगावा त्या दिवशीच गेला होता. गोरक्षनाथनं त्याला तुटका रॉड दिला.

"ओव्हन देणार व्हते ना?" त्यानं विचारलं.

"कोणता ओव्हन?" गोरक्षनाथ म्हणाला. "हा तर घरचा हाय."

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणी घरचं गप्प उभं असेल. त्याला भंगारात काढण्याआधी त्याचं नेमकं काय झिजलंय ते मोठ्यांना घेऊन एकदा बघा. पिन आधी काढा. आणि काम झाल्यावर ती कुणाच्या पदरात आहे, तेही विचारा.